मी घटी बसले ते वर्ष

मागच्या थंडीत भोरच्या बाजारपेठेत एक साधी पायरी चुकले आणि मनगट मोडून घेतलं. पुण्याला नेऊन फोटो काढले, हाडांची तपासणी झाली. तिथले डॉक्टर हातातल्या कागदाकडे आणि माझ्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत म्हणाले, "बाई, वय बरोबर लिहिलंय ना?" चाळिशी नुकती ओलांडलेली मास्तरीण आणि हाडं सत्तरीच्या म्हातारीची. मी म्हटलं, वय बरोबर आहे, हाडांना तेवढं सांगायचं राहिलंय. आत्मकथन म्हातारपणी लिहावं म्हणतात. बाकीची मी अजून म्हातारी नाही, पण हाडांच्या भरवशावर लिहायला बसले तर कुणाची हरकत नसावी. तसंही हे हाडांचं म्हातारपण मी बारावीच्या वर्षातच कमावून ठेवलं होतं. त्या वर्षाबद्दल आमच्याकडे सहसा कुणी बोलत नाही.

आमचं घर हिर्डोशीचं, वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला. भात, नाचणी आणि डोंगराच्या उतारावर थोडी वरई. सकाळी जाग यायची ती थोरल्या काकीच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं, आणि त्यावर लगेच आईच्या गाण्यानं. आईचा आवाज मोठा गोड, पण उघड्यावर गायची ती फक्त देवीपुढं, एरवी चुलीपुढं. एसटी मोजकीच यायची. वळणावर तिचा हॉर्न वाजला की सगळ्या वाडीत पळापळ. घरात आबा, म्हणजे माझे वडील, बोलायला कमी आणि जेवायला दांडगे. काका लवकर वारले, तेव्हापासून घरात काय शिजायचं आणि कुठल्या देवाला काय वाहायचं हे काकी ठरवायची. आई तिच्यापुढं मान वर करायची नाही.

जेवायची रीत अशी होती की आधी आबा आणि आलागेला, मग काकी, आणि सगळ्यांचं झालं की चुलीपाशी आई आणि मी. तोवर पिठलं पातेल्याच्या बुडाला लागलेलं असायचं आणि जाळ विझत आलेला. कुणी किती घेतलं हे त्या उजेडात दिसायचं नाही, आणि बघायची पद्धतही नव्हती. "बाईमाणसाचं काय, घास दोन घास," असं खुद्द बायाच म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांचा आवाज चढायचा. आज लोक मला विचारतात, अहो, तुमच्या घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कसं येणार? आमच्याकडे बाईला जेवताना कुणी पाहिलेलंच नव्हतं. पुढं मला जे झालं ते याच जागी, याच अंधारात लपून राहिलं.

अकरावीला मी भोरला गेले. दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी. अंगानं मी चांगली भरलेली होते, भाताचं ओझं एका दमात डोक्यावर घ्यायची. त्या पावसाळ्यात कावीळ झाली. तेल बंद, तिखट बंद, ताकभातावर महिना काढला आणि पार उतरले. बरी होऊन भोरला गेले तर जो तो वळून बघायला लागला. खोलीवरच्या मुली म्हणाल्या, नाकडोळे काय तरतरीत दिसायला लागलेत गं तुझे. मामीनं तर आईला निरोपच धाडला की पोर आता दाखवण्यासारखी झाली, स्थळं बघायला हरकत नाही. काविळीनं खंगलेल्या पोरीचं कौतुक करायचं, हा काय चावटपणा आहे, असं आज मला वाटतं आणि राग येतो. तेव्हा आला नाही. तेव्हा ते गोड लागलं.

पथ्य संपलं. मला ते संपायला नको होतं. पण पथ्याला मुदत असते, उपासाला नसते. सोमवार महादेवाचा धरला. मग गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे. अधूनमधून चतुर्थी आणि एकादशी येतच असतात. आपल्यात इतके देव आहेत की उपाशी राहायला कारण कधी कमी पडत नाही. आईनं मायेनं वरईचा भात आणि शेंगदाण्याची आमटी करावी आणि मी म्हणावं, आई, माझा कडक उपास आहे. आबा हसायचे. "आमची एकादशी दुप्पट खाशी. हिची एकादशी बघा, वासबी घ्यायचा न्हाई." आईला 'नको' म्हणणं फार अवघड असतं, ती ताटात वाढतेच. 'उपास आहे' म्हटलं की मात्र तिचा हात मागं जायचा.

भूक लागत नव्हती का, असं मला कितीतरी जणांनी विचारलंय. लागायची हो. पोटात कावळे ओरडायचे. पण भूक लागावी आणि तिला आपण धूप घालू नये, यातच तर सगळी गंमत होती. बाकीच्या मुली डबे उघडून बसल्या की मला वाटायचं, बसा खात, मला गरज नाही. त्या ताठ्याची चव मला पुरणपोळीहून जास्त लागायची. त्या ताठ्याच्या आत मी किती भित्री झाले होते ते कुणाला ठाऊक नव्हतं. दिवसभर डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही नसायचं. एखादा घास जास्त गेला की कोपऱ्यात बसून रडायची. पुस्तक उघडलं तर ओळी पळायच्या. मैत्रिणी आपोआप सुटल्या. भर दुपारी हात गार पडायचे, हातांवर बारीक लव उगवली, आणि आई केस विंचरायला बसली की फणीत आलेला गुंता मुठीत धरून पाठीमागं लपवायची. ती लपवायची ते मला कळायचं, आणि मला कळतं हे तिलाही कळायचं. एकदा तिनं मला भोरात डॉक्टरांकडे नेलं. रक्त कमी आहे म्हणाले, टॉनिक दिलं. ते गोड होतं म्हणून मी घेतलं नाही.

मग माझी पाळी बंद झाली, तेव्हा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होते. आमच्याकडे त्या दिवसांत बाईनं पडवीत बाजूला बसायचं, त्यामुळं कुणाला कधी अडचण येते हे घरभर माहीत. एक महिना, दोन महिने, मग आईचा चेहरा उतरला. तिनं मला गोठ्यात नेलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. 'सारे' ही माझी घरातली हाक.

"सारे, खरं सांग. भोरात काय झालंय का?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी तिच्या गळ्याची शपथ घेतली. तिनं माझ्या पोटावरनं हात फिरवला. पोट कुठलं, खळगाच होता तो. तिचा विश्वास बसला, पण काळजी गेली नाही. ती काकीशी बोलली, आणि तिथं सगळं फिरलं. काकीनं ऐकलं, माझ्याकडं नीट पाहिलं आणि हात जोडले. "अगं येडे, रडतीस काय? देवीनं मोकळी केली तिला. एवढं उपास, एवढी भक्ती. पोर निवडलीया तिनं."

गावच्या वाघजाईच्या देवळात नवरात्रात एक बाई घटी बसते. म्हणजे नऊ दिवस देवळातच घटाशेजारी राहायचं, दिवा सांभाळायचा, अन्न घ्यायचं नाही, सकाळसंध्याकाळ कपभर दूध तेवढं चालतं. तिला मधे अडचण येऊन चालत नाही, म्हणून ही बाई नेहमी म्हातारी असायची. जी बसायची ती त्या वर्षी अंथरुणाला खिळली होती आणि गाव काळजीत होतं. अडचण येत नाही अशी सतरा वर्षांची, वर्षभर उपास करणारी पोर घरात आहे म्हटल्यावर आणखी काय हवं? लोक आबांकडं आले. आबा म्हणाले, पोरीला विचारा. मला कुणी विचारायची गरजच नव्हती. नऊ दिवस न जेवायचं, आणि सगळ्या गावानं त्यासाठी पाया पडायचं. इतका सुंदर योग माझ्या आयुष्यात आला नव्हता.

घट बसले. मातीत धान्य पेरलं, पहिली माळ चढली, आणि मी घोंगडीवर बसले. बाया यायच्या, आधी देवीला हळदकुंकू वाहायच्या, मग मला. कालपर्यंत मला 'ए सारे' म्हणणाऱ्या 'माय' म्हणायला लागल्या. एकीनं तापानं फणफणलेलं लेकरू माझ्या पायावर घातलं आणि मी त्याला अंगारा लावला. माझा हात थरथरत होता तर ती म्हणाली, वारं आलं. वारं कुठलं आलंय? अंगात बळ नव्हतं. पण मला ते खरं वाटलं हेही सांगते. माझ्या उपाशीपणाला कुणीतरी पहिल्यांदा थोर म्हणत होतं. संध्याकाळी गाणी व्हायची. आई सुरू करायची आणि बाकीच्या मागनं म्हणायच्या. त्या वर्षी तिचा आवाज मधेच अडायचा. दुपारी देवळात कुणी नसलं की ती येऊन उंबऱ्यापाशी बसायची आणि हळूच म्हणायची, "सारे, चल की घरी. म्या सांगते समद्यांना काय सांगायचं ते."

"आणि व्रत मोडू?"

यावर ती उठून घरी जायची. तिला माझ्या जिवाची भीती वाटत होती आणि देवीचीही. त्या दिवसांत देवीची जास्त होती.

दसऱ्याला घट उठले. घटी बसलेलीचं पारणं म्हणजे आमच्या गावाचा सण. घराघरातनं ताटं येतात आणि तिनं प्रत्येक ताटातला एकतरी घास खायचा असतो. जिच्या ताटाला हात लागला नाही तिचं वर्ष वाईट जातं म्हणतात, त्यामुळं नाही म्हणायची सोयच नाही. पुरणपोळ्या, गुळवणी, खीर, तूपभात, कुरडया. मंडपात ताटांची रांग लागली. पहिला घास मी अगदी चिमटीएवढा मोडला. दुसरा त्याहून थोडा मोठा. आणि मग काय झालं ते मला अजूनही धड सांगता येत नाही. वर्षभर जिला दाबून ठेवलं ती भूक एकदम उठून उभी राहिली. मी जेवले. जेवत राहिले. पोट दुखायला लागलं तरी हात थांबेना. बाया कौतुकानं बघत होत्या, माय जेवली, माय तृप्त झाली. आई शेजारी बसून रडत होती आणि माझ्या तोंडात घास घालत होती.

पुढचे दोन दिवस आईनं शेतातलं काम सोडलं. एवढ्या दिवसांचं राहिलेलं तिला तेवढ्यात भरून काढायचं होतं. सकाळी खीर, वर लाडू, दुपारी तूपगूळपोळी, पुन्हा दूध. मीही खात होते, कारण मला थांबताच येत नव्हतं. काकी म्हणाली, "बघ, म्हनलं न्हवतं? देव तारी त्याला कोण मारी." तिसऱ्या दिवशी सकाळी माझे पाय सुजले. घोट्याचं हाड दिसेना. आईनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मी तो जन्मात विसरणार नाही. तिनं आबांना हाक मारली. "अवं, हिकडं या. पोरीचं पाय बघा कसं भरलं. चढलं बघा मूठभर मांस." आबा आले, समाधानानं मान हलवली. आईनं तेल घेतलं आणि पाय चोळायला बसली. तिनं अंगठा दाबला तिथं खळगा पडला, आणि तो तसाच राहिला. आम्ही दोघींनी तो बघितला. आईनं दुसरा पाय ओढून घेतला.

थोड्या वेळानं परसात हात धुवायला गेले. छातीत कुणीतरी मधेच ठोका गाळतंय असं वाटलं, मग श्वास घेता येईना. दगडावर बसायला गेले ती खालीच पडले. शुद्धीवर आले तेव्हा आबांच्या खांद्यावर होते आणि काकीचा आवाज ऐकू येत होता, आधी देवळात न्या, पारण्यात काहीतरी चुकलंय, कौल लावा. शिटा भरून चालणारी वडापची जीप रस्त्याला उभी होती. आई लुगड्याचा बोंगा धरून जीपमधे चढली आणि काकीला म्हणाली, "तुमी लावा कौल. आमी भोरला चाललो." आईनं काकीला उलटून बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

भोरच्या डॉक्टरांनी नाडीवर बोट ठेवलं आणि ते काढायच्या आतच म्हणाले, पुण्याला न्या, इथं थांबू नका. पुण्याच्या दवाखान्यात एक मॅडम होत्या. उंच, केस कापलेल्या, बोलायला तुसड्या. छातीला तारा लावल्या, सुया टोचल्या, आणि मग त्या आईकडं वळल्या. हिनं गेल्या दोनतीन दिवसांत काय काय खाल्लं? आईनं पदर सावरला आणि सांगायला लागली. पोळी, खीर, लाडू, तूप. प्रत्येक पदार्थ सांगताना तिचा आवाज वर चढत होता. आपण काही कमी केलं नाही, हे पुण्याच्या डॉक्टरणीला कळू दे, असं तिच्या मनात होतं. मॅडम ऐकता ऐकता स्टुलावर बसल्या.

"अहो बाई, एवढं एकदम घातलंत म्हणून तर ही वेळ आली."

मग त्यांनी समजावलं. इतके महिने उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम गोडधोड गेलं की रक्तातले क्षार झपाट्यानं उतरतात. हृदय चालवायला जे लागतं तेच संपतं. ठोके चुकतात, अंगावर पाणी चढतं. ती सूज होती, मांस नव्हतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर पोर हाताला लागली नसती.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवू घातल्यानं मरतं व्हय माणूस?"

मॅडमचा तुसडेपणा तिथंच गेला. त्या आईचा हात धरून म्हणाल्या, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, तुम्ही काय करणार? पण ते आधीचं वाक्य आईच्या काळजात रुतायचं ते रुतलं. पुढं कितीतरी वर्षं कुणाच्या ताटात वाढताना तिचा हात अर्धवट थांबायचा.

आता उलटंच झालं. वाटीत थोडी पेज यायची, ठरवून दिलेल्या वेळी. माझी उठलेली भूक काही बसत नव्हती. मी रडायची, आईला हात जोडायची, अजून दे गं, एवढीशी दे. वर्षभर जी माझ्या मागं घास घेऊन फिरली तीच बाई भिंतीकडं तोंड करून म्हणायची, "न्हाई. बाईंनी सांगितलंय तेवढंच." तिची पाठ हलायची. काही दिवसांनी भूक निवळली आणि जुनी खोड परत आली, वाटी बघितली की नको वाटायला लागलं. तेव्हा मॅडम एका दुपारी एकट्या येऊन बसल्या.

"उपास कुणासाठी करत होतीस?"

"देवीसाठी."

"देवीनं सांगितलं होतं?"

मी खिडकीकडं बघत राहिले. त्या म्हणाल्या, "हे बघ, या आजाराला नाव आहे, आणि तो साधा नाही. मनाचे जे आजार आहेत त्यांत माणूस दगावण्याची भीती याच्यात फार मोठी. कुणाचं हृदय झोपेत थांबतं. कुणाला साधा ताप पेलत नाही. काही पोरी जिवाला कंटाळतात आणि स्वतःच संपवतात. आणि शेवटपर्यंत त्यांना वाटत असतं की सगळं आपल्या मुठीत आहे. तू या खेपेला वाचलीस. पण हे इथं संपत नाही. घरी गेल्यावर मोह होईल, वर्षानुवर्षं होईल. तेव्हा काय करणार?"

संध्याकाळी मी आईला सांगून टाकलं की ते देवीसाठी नव्हतं. मला बारीक राहायचं होतं, आणि मग ते थांबवता येईना. आई कितीतरी वेळ माझे पाय दाबत राहिली.

"मग देवीचं नाव कशाला घेतलंस?"

"त्याशिवाय तू ऐकलं नसतंस."

"व्हय," ती म्हणाली. "नसतं ऐकलं."

घरी सोडताना मॅडमनी बजावलं की हिला एकटीला जेवायला सोडू नका, समोर बसून कुणीतरी हिच्याबरोबर जेवा. आई म्हणाली, आमच्यात बाया मागनं जेवत्यात. मॅडम म्हणाल्या, मग आता आधी जेवा. हे बोलणं पुण्यात सोपं होतं. हिर्डोशीत पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आईनं माजघरात, भर उजेडात, दोन ताटं मांडली. आबा रानातनं यायचे होते. आम्ही दोघी बसलो. आबा आले आणि उंबऱ्यातच थबकले. नवरा उपाशी आणि बायको जेवतेय, हे त्या घरात कधी घडलं नव्हतं. आईच्या कानशिलावर घाम आला होता, पण ती उठली नाही. आबांनी पाय धुतले, पाट ओढून आमच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मग मलाबी वाढा की." काकीनं मात्र त्या दिवसापासून आपलं ताट वेगळं केलं.

आईनं सगळे उपास सोडले. लग्नाच्या आधीपासूनची एकादशी सोडली. मी जेवायचं म्हणजे तिनं जेवायचं, आणि माझ्यासमोर उपास हा शब्द काढायचा नाही. पाण्यावर बाया कुजबुजायच्या. पोरीला देवीपासनं तोडली, आता भोगेल. मी काही लगेच शहाणी झाले नाही. ताटापुढं रुसायचे, भांडायचे, खोटं बोलायचे. मधे एकदा पुन्हा पुण्याला न्यावं लागलं. त्या वर्षी बारावी राहिली ती राहिलीच, पुढच्या वर्षी दिली. आता मी शिकवते त्या वर्गात एखादी मुलगी डबा न उघडताच दप्तरात ठेवते तेव्हा मला लगेच दिसतं, आणि मी तिच्याशेजारी आपला डबा घेऊन बसते. सगळ्याच माझ्याशी बोलतात असं नाही. एक बोलली नाही, आणि पुढं ती वाचलीही नाही. तिच्या आईला मी भेटून आले. घरात सगळे म्हणत होते, हट्टी होती हो. मी म्हटलं, आजारी होती.

त्या पारण्यानंतर वर्ष फिरून नवरात्र आलं. घट बसायच्या दिवशी सकाळीच काकी पुढं आणि मागं गावच्या सातआठ बाया, ओटीचं सामान घेऊन, आमच्या पडवीत येऊन बसल्या. त्या येणार हे मला माहीत होतं. मी आतनं वाटच बघत होते. वाचणाऱ्याला वाटेल, मरता मरता वाचलेली पोर, हिला आता कळलं असेल. कळलं होतं की. मॅडमचा शब्दन् शब्द पाठ होता. तरी मला जायचं होतं. देवळात कुणी माझ्यापुढं ताट ठेवणार नव्हतं. कुणी म्हणणार नव्हतं की एवढं संपव. उलट पाया पडणार होते. आणि मी तिथं मेले असते ना, तर गावानं माझ्या नावानं चौथरा बांधला असता आणि दर दसऱ्याला त्यावर हळद वाहिली असती. त्या सकाळी मला तेसुद्धा चांगलं वाटत होतं. इतकं चांगलं की मी नवं लुगडं नेसायला काढून ठेवलं होतं.

काकी म्हणाली, "मागल्या वर्षी पारण्यात चूक झाली. आवंदा नीट करू. घट खोळंबलेत. पोरीला बाहेर पाठव."

आई चुलीपाशी होती. तव्यावरची नाचणीची भाकरी उतरवली, ताटात घेतली, त्यावर पिठल्याचा गोळा घातला आणि ताट घेऊन पडवीत, त्या सगळ्या बायांच्या मधोमध जाऊन बसली. घट बसायच्या दिवशी, आंघोळ केलेल्या, उपास धरलेल्या बायांच्या समोर तिनं भाकरी मोडली आणि खायला लागली. एका बाईनं तोंडाला पदर लावला. आईला घास गिळवत नव्हता, ते दिसत होतं. लग्न होऊन आल्यापासून घटाच्या दिवशी तिनं कधी अन्नाचा कण तोंडात घातला नव्हता.

"सारे, ये. जेव," ती म्हणाली.

मी दारात उभी होते. आबा अंगणात बैलाला दोर लावायचे थांबले होते.

काकीनं ओटीचं सामान खाली ठेवलं. "लई केलंस आता. देवी बघतीया."

"बघू दे की," आई म्हणाली. "बसली जेवायला तर तिलाबी वाढीन."

मी आईसमोर जाऊन बसले. माझ्या हातून भाकरी मोडेना, तिनंच तुकडा मोडून माझ्या हातात दिला. मी तो तोंडात घातला. तो फिरत राहिला, खाली उतरेना, आणि माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, कारण त्या क्षणी मला आईचा फार राग येत होता. तिनं तांब्या पुढं सरकवला. मी पाणी प्याले, घास गेला, आणि दुसरा मी माझ्या हातानं मोडला. बाया एकेक करून उठल्या. काकी त्यांच्या मागनं गेली. ताट रिकामं होईपर्यंत आई जागची हलली नाही, आणि मीही.